मधल्या सरांचा डावा कान

विद्यापीठाच्या संगीत विभागात त्यांना सगळे ‘मधले सर’ म्हणत. वयाने ते मधले नव्हते. छप्पन्न म्हणजे विभागात त्यांच्याहून जुना फक्त जिन्याखालचा पियानो. पण ते व्हायोला वाजवत आणि शिकवत, आणि व्हायोला हे वाद्यच मधलं. व्हायोलिनहून थोडं मोठं, आवाजाने थोडं खालचं. चौघांच्या वादनात दोन व्हायोलिनं वर मिरवतात, खाली चेलो घर सांभाळतो, आणि मध्ये व्हायोला नेमकं काय करतो हे तो थांबेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मैफलीनंतर लोक गुणगुणत बाहेर पडतात ते वरचं. व्हायोलाची ओळ गुणगुणत घरी गेलेला माणूस मधल्या सरांना अठ्ठावीस वर्षांत भेटला नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून. दोन खुर्च्या, वह्या ठेवायचे दोन स्टँड, एक कपाट, आणि एक खिडकी जी हिवाळ्यात बंद होत नसे आणि उन्हाळ्यात उघडत नसे. लिफ्ट वर येताना कोणता स्वर लावते आणि खाली जाताना तो किती उतरतो हे त्यांनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. एकदा तर त्यांनी वरून फोन करून सांगितलं, की लिफ्टचा आवाज बिघडलाय, बघून घ्या. देखभालवाल्यांनी हसून फोन ठेवला आणि तीन दिवसांनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तेव्हापासून विभागात मधल्या सरांच्या कानाबद्दल कुणी ब्र काढत नसे.

आता अशा माणसाला दरवर्षी एक फॉर्म भरावा लागे. ‘या अभ्यासक्रमामुळे विद्यार्थ्यांत कोणती मोजता येणारी क्षमता निर्माण झाली?’ सर दरवर्षी एकच वाक्य लिहीत: ‘मुलं आता एकमेकांचं ऐकतात.’ कार्यालय दरवर्षी फॉर्म परत पाठवी, कारण हे मोजता येत नाही. सर दरवर्षी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्या अक्षरात लिहून पाठवत. शेवटी कारकूनच कंटाळून शिक्का मारी.

विभागातल्या चार शिक्षकांचा एक संच होता. विभागप्रमुख पहिलं व्हायोलिन वाजवत, त्यांचा एक तरुण सहकारी दुसरं, मधले सर व्हायोला, आणि चेलोबाई चेलो. चेलोबाई सरांहून बारा वर्षांनी लहान आणि बोलायला बारा पटीने फटकळ. दर सत्राच्या शेवटी हे चौघं विद्यापीठाच्या सभागृहात वाजवत. शिकवणं हा सरांचा पेशा होता, पण जीव होता तो या चौघांत बसण्यात. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, बायकोला सोडून, आणि तिला ते लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं.

आणि या जागेशी एक सल जोडलेला होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

या खुर्चीवर सरांच्या आधी त्यांचे गुरू बसत. थोरले सर. सर तेव्हा नव्याने लागले होते आणि दुसरं व्हायोलिन वाजवत, म्हणजे थोरल्या सरांच्या अगदी शेजारी. शेवटच्या तीन वर्षांत थोरल्या सरांचा डावा कान गेला. व्हायोलिन-व्हायोला वाजवणाऱ्यांचा तोच आधी जातो. जन्मभर वाद्य त्याच कानाशी खेटून वाजत असतं. थोरले सर बेसूर वाजवू लागले आणि त्यांना ते कळेना. बाकीच्या तिघांना कळत होतं. पण सांगणार कोण? इतका मोठा माणूस, इतकी वर्षं. मग तिघांनी एक सोय शोधून काढली. थोरले सर जिकडे सरकतील तिकडे आपणही थोडं सरकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला खटकत नाही. तीन वर्षं तिघांनी मूग गिळून हेच केलं. थोरले सर अधूनमधून विचारत, “ठीक होतं ना रे?” आणि मधले सर म्हणत, “हो सर, छान होतं.”

मग एका दुपारी कुणीतरी एका मैफलीचं ध्वनिमुद्रण विभागात लावलं. थोरले सर खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. उठले, व्हायोला पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, आणि दारात थांबून मधल्या सरांना एवढंच म्हणाले, “तू शेजारी बसायचास ना रे?”

त्यानंतर त्यांनी वाद्य हातात घेतलं नाही. पाच वर्षांनी ते गेले. त्या प्रश्नाचं उत्तर मधल्या सरांना तेव्हाही सुचलं नव्हतं आणि नंतरही सुचलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की चेलोबाई संचात आल्या त्या दिवशी त्यांना कॉफीच्या यंत्रापाशी गाठून सांगितलं, “मी बेसूर व्हायला लागलो की त्याच दिवशी मला सांगायचं.” चेलोबाई म्हणाल्या, “त्याच मिनिटाला सांगेन.” सर हसले होते. पण माणसं वेळेवर काय करतात ते त्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांनी स्वतःच करून पाहिलं होतं.

तर अशा माणसाला या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात डाव्या कानात भुणभुण ऐकू आली.

सगळ्या स्वरांना नाही. खालच्या जाड तारेवर दुसरं बोट पडलं की येणारा तो एकच स्वर. तो लागला की त्याच्या मागोमाग एक बारीक कुरकुर, काडेपेटीत कोंडलेल्या माशीसारखी. बोट उचललं की बंद. पहिल्या दिवशी सरांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी तार बदलली. तिसऱ्या दिवशी हनुवटीची पट्टी काढून पुन्हा बसवली, खुंट्या दाबल्या, वाद्याच्या कडा बोटाने ठोकून पाहिल्या. भुणभुण होतीच. चौथ्या दिवशी त्यांनी विभागाच्या कपाटातला जुना व्हायोला काढला, दार आतून लावून घेतलं आणि त्याच्यावर तोच स्वर वाजवला.

भुणभुण त्याच्यातही होती. तशीच, तिथेच, डाव्या कानात.

सरांच्या पाचावर धारण बसली. दोन वेगळी वाद्यं, आवाज एकच. मग बिघडलेलं वाद्य नव्हे, ऐकणारा. हिशेब इतका सरळ होता की त्यांनी तो पुन्हा मांडून पाहिलाच नाही. ते खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ लिफ्टची ये-जा ऐकत राहिले. लिफ्ट सुरात होती.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बायको औषधांच्या दुकानात औषधं देण्याचं काम करायची. दिवसभर लोकांचे चेहरे बघून कुणाला काय झालंय ते ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे सर तिच्यासमोर चेहरा जपून वावरू लागले, आणि अर्थातच ते तिच्या लगेच लक्षात आलं. त्यात एक दिवस ती स्वयंपाकघरात आली तर सर मनगटी घड्याळ काढून डाव्या कानाशी धरून उभे. मग एक पाऊल मागे. मग उजव्या कानाशी. मग पुन्हा एक पाऊल मागे, थेट कचऱ्याच्या डब्यात.

“घड्याळ बंद पडलंय का?” तिने विचारलं.

“नाही. चालतंय का बघत होतो.”

“चालतंय ना? मग पाय काढा बाहेर.”

तिने डबा सरळ केला आणि विषय सोडला. पण घरात गुणगुणणं बंद झालंय हे तिने आठवडाभरापूर्वीच टिपलं होतं.

सर गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जवळच्या नव्हे, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, दोन बस बदलून, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. सर परीक्षेला बसलेल्या मुलासारखे घामाघूम झाले. निकाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “तुमच्या वयाला उत्तम कान आहेत. डावीकडे वरच्या पट्टीत किंचित कमी, पण तुमच्या व्यवसायात ते असायचंच.”

दुसऱ्या कुणाचा जीव यावर भांड्यात पडला असता. सरांनी मात्र त्या सगळ्या वाक्यातला ‘किंचित’ तेवढा उचलला आणि तो घेऊन दोन बस बदलून घरी आले. यंत्रातल्या टीक-टीक आवाजाला व्हायोलातलं काय कळणार, असं त्यांचं मत पडलं.

पुढचं झालं ते एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने. दुसऱ्या वर्षाची मुलगी, शांत, कष्टाळू, बोटं लांब. एक जागा कशी वाजवायची ते दाखवायला सरांनी तिचा व्हायोला हनुवटीखाली घेतला आणि भुणभुण आली. आता खरं तर त्यांनी घाबरायला हवं होतं, पण बुडत्या माणसाने धरावी तशी त्यांनी एक आशा धरली. हवा कोरडी आहे, कोरड्या हवेत वाद्यांचे सांधे सुटतात, या इमारतीतल्या सगळ्याच व्हायोलांचे सुटले असतील. त्यांनी त्या मुलीला तिचं वाद्य घेऊन सरसकाकांकडे पाठवलं.

सरसकाका म्हणजे विद्यापीठामागच्या गल्लीत, तळघरात वाद्यं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. जोडकामासाठी ते सरस रटरटत ठेवत, त्याचा वास पायरीपर्यंत येई, म्हणून ते सरसकाका. मुलगी दुसऱ्या दिवशी वाद्य घेऊन परत आली.

“सर, काका म्हणाले काही झालेलं नाही.”

“नीट बघितलं का त्यांनी?”

“हो सर. आधी माझं कानातलं काढायला लावलं, गळ्यातलं काढायला लावलं, मग मला वाजवायला सांगितलं. मग स्वतः वाजवलं.”

म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो, असं मनात म्हणून सरांनी तिचा व्हायोला पुन्हा हनुवटीखाली धरला. भुणभुण. त्यांनी तिला पुन्हा पाठवलं. ती पुन्हा गेली, पुन्हा कानातलं काढून आली. भुणभुण. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा ती एक चिठ्ठी घेऊन आली. पेन्सिलीने लिहिलेली, कडेला सरसाचा डाग. ‘वाद्य ठणठणीत आहे. आता सरांनाच पाठव.’

सरांनी चिठ्ठी वाचली आणि घडी करून खिशात टाकली. म्हणजे काकांनीही ओळखलं. तळघरात बसून, न बघता, न ऐकता ओळखलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

चौघांच्या त्या आठवड्याच्या सरावानंतर सगळे गेल्यावर सरांनी चेलोबाईंना थांबवलं. त्या चेलोच्या तारा फडक्याने पुसत होत्या.

“एक विचारू? खरं सांगायचं.”

“मी दुसरं काय सांगते?”

“मी बेसूर होतोय का?”

चेलोबाईंनी वर बघितलं. “नाही.”

“अजिबात?”

“सर, नाही म्हटलं ना. काय झालंय तुम्हाला?”

“काही नाही,” सर म्हणाले आणि पेटी उचलून निघाले. ‘नाही’ हे उत्तर त्यांना हवं होतं, आणि तेच उत्तर त्यांना खरं मानता येत नव्हतं. असंच ‘नाही’ त्यांनी स्वतः तीन वर्षं दिलं होतं, याच खोलीत, याच आवाजात, डोळ्याला डोळा भिडवून. ते खोटं इतकं सफाईदार होतं, की आता जगातलं कुठलंही ‘नाही’ त्यांच्या लेखी त्याच जातीचं झालं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी विभागप्रमुखांच्या नावाने पत्र लिहिलं. वैयक्तिक कारणास्तव संचातून मुक्त करावं. सत्राअखेरच्या मैफलीसाठी अन्य वादकाची व्यवस्था करावी. आपल्याकडे यापुढे केवळ इतिहास आणि सिद्धान्ताचे तास द्यावेत. चार ओळींचं पत्र लिहायला त्यांना दोन तास लागले. सोमवारी चार वाजता सराव होता. त्याच्या आधी द्यायचं, म्हणजे चर्चा नको. पत्र त्यांनी व्हायोलाच्या पेटीच्या कप्प्यात ठेवलं. त्या कप्प्यात गजाला लावायची राळ असे, एक मऊ फडकं, पेन्सिलीचे तुकडे, आणि त्यांचा वाजवण्याचा चष्मा.

हा चष्मा उन्हाळ्यात आला होता. वाचायच्या चष्म्यातून स्टँडवरची स्वरलिपी पुसट दिसे आणि लांबच्या चष्म्यातून दुहेरी, म्हणून बायकोने त्यांना चष्मेवाल्याकडे नेऊन, हात लांब करून बरोबर स्टँडच्या अंतराचा चष्मा करून घेतला होता. बारीक सोनेरी फ्रेमही तिनेच निवडलेली. तो दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचा नव्हता, म्हणून पेटीतच राही. पेटी उघडली की आधी चष्मा नाकावर, मग वाद्य हनुवटीखाली.

पत्र ठेवून पेटी मिटवताना बायको दारात उभी होती.

“काय ठेवलंत?”

सरांनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि सगळं सांगून टाकलं. भुणभुण, कपाटातला व्हायोला, दोन बस, ‘किंचित’, मुलीच्या तीन खेपा, चिठ्ठी. तिने थोरल्या सरांचं दारातलं वाक्यही त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, अनेक वर्षांपूर्वी, याच घरात.

“डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत,” ती म्हणाली.

“त्यांना काय कळतंय.”

“चेलोबाई म्हणाल्या बेसूर नाही.”

“ती कशाला सांगेल?”

“आणि काका म्हणतायत या.”

“त्यांना कळलंय म्हणूनच तर.”

“अहो, दुकानात येऊन माणसं मला म्हणतात, ‘माझ्या भावाला खोकला आहे, औषध द्या.’ मी म्हणते भावालाच घेऊन या. तर ते स्वतःच खोकत असतात.” तिने त्यांच्या हातात कोट दिला. “त्या पोरीला तीनदा पाठवलंत. स्वतः एकदा जा. मग द्यायचं तर द्या पत्र, मी अडवणार नाही.”

सर गेले. तळघराच्या अकरा पायऱ्या त्यांना तिसऱ्या मजल्याएवढ्या वाटल्या. आत भिंतीवर पोटं उघडलेली व्हायोलिनं टांगलेली होती आणि काका एका चेलोच्या पाठीत बोट घालून बसले होते.

“आलात का एकदाचे,” काका म्हणाले. “त्या पोरीचे जोडे झिजले.”

“काका, माझा कान गेलाय.”

“असं? वाजवा बघू.”

सरांनी पेटी उघडली, चष्मा लावला, व्हायोला हनुवटीखाली घेतला आणि तो स्वर लांब ओढला. माशी भुणभुणली. “ही बघा. ही.”

“मला नाही ऐकू आलं काही,” काका म्हणाले.

सरांचा हात खाली आला. झालं. उरलीसुरली आशाही संपली. काकांनी मात्र चेलो बाजूला ठेवला, टेबलाखालून एक स्टीलचं ताट काढलं आणि सरांच्या पुढ्यात सरकवलं. “आता काढा सगळं यात.”

“काय काढू?”

“अंगावर जे जे निघतं ते. माझा नियम आहे. नातू लागलात तरी सूट नाही.”

सरांनी निमूटपणे घड्याळ ठेवलं. खिशातलं पेन ठेवलं. अंगठी जरा खटपटीने निघाली. किल्ल्या ठेवल्या.

“आणि चष्मा.”

“चष्म्याशिवाय मला दिसत नाही.”

“बघायचंय काय तुम्हाला? एक स्वर वाजवायचाय.”

सरांनी चष्मा काढून ताटात ठेवला. व्हायोला उचलला. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, काकाही धूसर, भिंतीवरची व्हायोलिनंही. खालची जाड तार, दुसरं बोट. स्वर निघाला.

स्वर निघाला आणि त्याच्या मागे काही नव्हतं.

सरांनी गज पुन्हा ओढला. मग जोरात. मग अगदी हळू. स्वर भरून आला, तळघरात फिरला आणि विझला, आणि शेवटपर्यंत स्वच्छ होता. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी ताटातून चष्मा उचलून त्यांच्या नाकावर ठेवला. “आता?” सरांनी वाजवलं. माशी आली. काकांनी चष्मा काढला. माशी गेली.

“डावी दांडी,” काका दिव्यापाशी चष्मा धरून म्हणाले. “बिजागरीचा स्क्रू ढिला झालाय. लाकूड तुमच्या हनुवटीखाली. हनुवटीतून जबडा हलतो, जबड्यातून डोकं, आणि डोक्यावर हा बसलेला, कानाला टेकून. त्या एकाच स्वराला हा थरथरतो. दुसऱ्याला ऐकू यायचा नाही, तुम्हालाच यायचा. वाद्य कुठलंही घ्या, डोकं तर तुमचंच.” त्यांनी सुईएवढा पेचकस घेऊन अर्धा फेरा दिला. “घ्या. कान दुरुस्त झाला.”

सर चष्मा नाकावर ठेवून स्टुलावर बसले. आधी त्यांना हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला चष्मा आडवा आला म्हणून पुन्हा हसू आलं. गेला दीड महिना छातीवर बसलेला धोंडा एका अर्ध्या फेऱ्याने उतरला होता. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि तोंड दुसरीकडे करून चेलोशी काहीतरी करत राहिले.

“वर्षाला दोन-तीन येतात असे,” काका म्हणाले. “झुमके, शर्टाची बटणं. एकाची कवळी वाजत होती, तो सहा महिने व्हायोलिन बदलत हिंडत होता. तुमच्यासारखा हुशार मात्र पहिल्यांदा बघितला. वाद्य पाठवलंत, दुसऱ्याचं वाद्य पाठवलंत, पोरगी पाठवलीत. स्वतःचं डोकं तेवढं घरी ठेवलंत.”

परत जाताना ते गल्लीतून व्हायोलाची ओळ गुणगुणत गेले. घरी बायकोने दार उघडलं, ऐकलं, आणि विचारलं, “कुठला भाऊ खोकत होता?” तिला सगळं कळल्यावर ती इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. “आणि फ्रेम मी निवडलेली,” ती म्हणाली. मग तिने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवारी सकाळी पहिला तास त्या मुलीचा होता. सरांनी तिला बसवून सगळी हकीकत सांगितली, एकही शब्द न गाळता, आणि म्हणाले, “चूक माझी होती. तुला उगाच तीन हेलपाटे पडले.”

मुलगी आधी हसली नाही. म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला माझं वाजवणंच आवडत नाही, आणि वाद्याचं निमित्त करताय. मी तो स्वर दाबूनच वाजवायला लागले होते.”

हे सरांना लागलं. त्यांनी तिला तो स्वर वाजवायला लावला. ती खरंच तो चोरून वाजवत होती. सबंध तास त्यांनी दुसरं काहीही घेतलं नाही. शेवटी तो स्वर इतका उघडा आणि मोठा निघाला, की लिफ्टमधून उतरलेल्या कुणीतरी दारातून डोकावून बघितलं.

चार वाजता सराव. सरांनी पेटी उघडली तेव्हा पत्र कप्प्यातच होतं. त्यांनी चष्मा घेतला, पत्र तिथेच राहू दिलं आणि जागेवर येऊन बसले. बाकीच्या तिघांना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. नंतर सांगू, असं ठरवलं होतं. त्यांना फक्त वाजवायचं होतं.

आणि वाजवलं त्यांनी. दीड महिन्याचं साचलेलं वाजवलं. तो खालचा स्वर आला तेव्हा तो त्यांनी असा भरभरून ओढला, की पहिल्या व्हायोलिनवर बसलेल्या विभागप्रमुखांनी दचकून मान वळवली. सर सुखात होते. डोळे मिटलेले, गज लांब, मान डोलत. दुसऱ्या पानाच्या मध्यावर खालून चेलो थांबला.

बाकीचेही एकेक करून थांबले.

“सर,” चेलोबाई म्हणाल्या, “तुम्ही सुराच्या वर जाताय.”

दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने नजर खाली घातली. विभागप्रमुखांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “इतकं काही नाही, चालून जाईल.”

“चालून कसं जाईल?” चेलोबाई म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात विचारलंत तेव्हा बेसूर नव्हतात, म्हणून नाही म्हणाले. आज आहात. मघापासून केसभर वर आहात, आणि वाढताय. काय आनंद झालाय कुणास ठाऊक.”

मधल्या सरांनी त्यांच्याकडे बघितलं. शनिवारी तळघरात उतरला तो धोंडा अर्धाच होता, हे त्यांना आता कळलं. उरलेला अर्धा फार जुना होता, आणि तो या क्षणी उतरत होता. म्हणजे तिचं ‘नाही’ खरं होतं. आणि कधी खरोखरच कान जाईल, आज ना उद्या जाईलच, तेव्हा आपल्याला एखादं ध्वनिमुद्रण ऐकावं लागणार नाही. शेजारी बसणारं माणूस सांगेल. थोरल्या सरांच्या नशिबी जे नव्हतं ते आपल्या नशिबी आहे, हे त्यांना सुख म्हणून लागलं आणि दुःख म्हणूनही. डोळे पुन्हा भरून आले, पण ते पुसायला त्यांनी चष्मा काढला नाही.

“सर, रागावलात का?” चेलोबाईंनी जरा नरमून विचारलं.

“नाही,” सर म्हणाले. “उपकार झाले.”

त्यांनी कप्प्यातलं पत्र काढलं, उलटं करून स्टँडवर ठेवलं आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘दुसरं पान. वर जातोस. चेलोचं ऐक.’

“कुठल्या ओळीपासून घ्यायचं?” त्यांनी विचारलं, आणि व्हायोला हनुवटीखाली घेतला.